ओल्या रस्त्यावर किती लवकर थांबते

माझ्या थोरल्या नातीच्या मुलाच्या पायांतली दोरी कापली, त्या वर्षीची ही गोष्ट. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधायची, गल्लीतल्या मुलांची शर्यत लावायची आणि ज्याची चाल पोराला लाभावी असं वाटतं त्या माणसाच्या हातात सुरी द्यायची. आम्ही सुरी कालमातच्या हातात दिली. सत्तरी ओलांडली तरी त्याला चढावर दम लागत नसे. दोरी कापली फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्च लागतो न लागतो तोच कालमातला गाडीने उडवलं.

कुणाच्या गाडीने, ते कुणालाच माहीत नव्हतं. तो दिवेलागणीला गवताच्या गंजीकडून घरी निघाला होता. पुलाच्या अलीकडे रस्ता वळतो, तिथे रक्ताचा डाग सापडला आणि बर्फात पकड यावी म्हणून खिळे ठोकलेल्या हिवाळी टायरांनी डांबरावर ओढलेले दोन लांब पांढरे ओरखडे. कालमात मात्र तिथे नव्हता. तो तालुक्याच्या गावी, कोचकोरच्या सरकारी दवाखान्याच्या दाराशी, बाकावर आडवा ठेवलेला सापडला. कुणीतरी दार जोरजोरात ठोठावलं, नर्स बाहेर आली, तर बाहेर एकटा कालमात. खुब्याचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, शुद्ध नाही. आणि त्याचा कालपाक, पांढऱ्या लोकरीची ती उंच टोपी, त्याच्या छातीवर नीट ठेवलेला.

त्या टोपीने साऱ्या गावाची झोप उडवली. परका ट्रकवाला असता तर टोपी रस्त्यातच पडून राहिली असती. ती जमिनीवर राहू द्यायची नाही, हे आमच्याच माणसाला सुचतं. म्हणजे ज्याने उडवलं आणि ज्याने उचलून आणलं, तो आपल्यातलाच. पोलीस येऊन ओरखड्यांचे फोटो काढून गेले. त्या दिवसापासून लोक सलाम करताना एकमेकांच्या तोंडाकडे न बघता गाडीच्या पुढच्या भागाकडे बघायला लागले. ज्याच्या बंपरला जुना पोचा होता तोसुद्धा आपणहून सांगत सुटायचा, "हा गेल्या वर्षीचा बरं का, साक्षीदार आहेत!"

कालमात माझा लहानपणापासूनचा सोबती. मी रोज दवाखान्यात जाऊन बसायचो. त्याची मुलं रशियात कामाला, त्यामुळे उशाशी एकटी त्याची बायको बुरुल असायची. एकदा ती मला म्हणाली, "भावजी, लोक तुमच्यासमोर मोकळं बोलतात. तुम्हाला कळलं तर मला सांगाल ना?"

"सांगेन, वहिनी."

"कुणीही असला तरी?"

"कुणीही असला तरी," मी म्हटलं.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच माझा भाचा मेदेर दारात येऊन उभा राहिला. माझ्या धाकट्या बहिणीचा, उरकुयाचा, एकुलता एक मुलगा. तालुक्याच्या वीज कचेरीत नोकरीला. लग्नासाठी जमवलेल्या पैशांतून त्याने एक निळी जपानी गाडी घेतली होती, पोटाला गवत लागेल इतकी बसकी, मागे दोन नळकांडी. गाव झोपलेलं असलं तरी मेदेर घरी आला हे सगळ्यांना कळायचं.

"मामा, उद्या सकाळी माझ्याबरोबर शहरात चला. टायर घ्यायचेत."

"कसले टायर?"

"उन्हाळी."

मी अंगणाकडे बघितलं. भिंतीच्या सावलीत गुडघाभर बर्फ होता.

"अरे, अजून वसंताचा नवरोजसुद्धा व्हायचाय. कावळ्याने घरट्यासाठी काडी उचललेली नाही आणि तू उन्हाळी टायर घालतोस?"

"रस्ता उघडा पडलाय, मामा. डांबरावर बर्फ कुठाय?"

"सकाळी त्या डांबराची काच होते."

"सकाळी सावकाश चालवीन."

'सावकाश' हा शब्द मेदेरच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी त्याच्याकडे नीट बघितलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तो माझ्याकडे न बघता उंबऱ्याकडे बघत होता.

"मला टायरमधलं काय कळतंय? मी नालांचा माणूस."

"कळत नसलं तरी चला. भाचा मागतोय."

झालं. भाच्याला नाही म्हणता येत नाही. मामाच्या घरातलं त्याने मागितलं तर द्यावं लागतं, खोगीर असो की घोडा. उगाच नाही म्हणत, भाचा दारात येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. मेदेरने लहानपणी माझा रुप्याच्या मुठीचा चाबूक नेला होता, नंतर एक शिंगरू नेलं. यावेळी तो नुसतं माझं बरोबर येणं मागत होता, आणि तेच मला जड वाटलं. तो गेल्यावर मी बसून राहिलो. खिळ्यांचे टायर. लोक ते एप्रिलपर्यंत काढत नाहीत. आता घाईघाईने कोण काढेल?

सकाळी मी उरकुयाकडे गेलो. तिने तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, बोरसोकची, पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि हात सोडेना.

"दादा, त्याला एकट्याला पाठवायचं नव्हतं. बरं झालं तू चाललास."

"का गं? तिशीचा बाप्या आहे."

"टायरवाले फसवतात," ती म्हणाली आणि नसलेलं काम आठवून आत गेली.

मार्चमध्ये आमच्याकडे सगळ्या गाड्यांचा रंग एकच असतो, चिखलाचा. मेदेरची गाडी मात्र चाकांपर्यंत धुतलेली. पुढे डाव्या बाजूला खाली जो छोटा दिवा असतो, त्या जागी भोक होतं आणि त्यावर काळी चिकटपट्टी.

"दिवा कुठे गेला?"

"फाटकाला लागला."

"कुठल्या?"

"आमच्याच."

त्या फाटकाला हात लावूनच मी आत आलो होतो. वर्षापूर्वी दिलेला हिरवा रंग, त्यावर टवकासुद्धा उडालेला नव्हता.

"पुढे बसा, मामा. कालपाक घाला, काच उघडी राहते, गार लागेल."

पुढे बसल्यावर माझ्या लक्षात आलं, मला कशाला नेतोय ते. घाटाच्या तोंडाशी चौकी आहे. पुढच्या सीटवर पांढरी दाढी आणि पांढरी टोपी दिसली की पोलीस गाडी अडवत नाहीत, उलट छातीवर हात ठेवतात. मी टायर निवडायला नव्हतोच चाललो. माझी दाढी चालली होती.

मेदेर गाडी हाकत होता ती अशी, की जणू दुधाची चरवी डोक्यावर घेतलीय. बालिकचीच्या फाट्यावर धुरावलेले मासे विकणाऱ्या बायका हात दाखवत होत्या. एरवी तो थांबून त्यांची थट्टा केल्याशिवाय पुढे जायचा नाही. आज त्याने मानसुद्धा वळवली नाही. एका ट्रकने मागून भोंगा वाजवून आम्हाला ओलांडलं. मेदेरला ट्रकने ओलांडलं! मी विचारलं, "बरं नाही का तुला?"

"बरंय की."

चौकीवर आज सगळ्याच गाड्या थांबवत होते. एक तरुण पोलीस वाकून प्रत्येक गाडीचा बंपर बघत होता. आमच्यापाशी आला, मला बघून सरळ झाला, छातीवर हात ठेवला.

"सलाम, आजोबा. कुठे निघालात?"

मेदेरने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. उत्तर त्याने द्यायला हवं होतं, पण प्रश्न मला होता.

"टायर घ्यायला. उन्हाळी," मी म्हटलं.

"आत्ताच? नवरोजच्या आधी?"

"तरुण पोरांना दम कुठे असतो?"

पोलीस हसला. "आमच्या साहेबांचा मुलगापण असाच आहे. जा, सांभाळून जा." चिकटपट्टीवर त्याचा पाय होता म्हटलं तरी चालेल, इतक्या जवळ तो उभा होता. त्याने खाली बघितलं नाही.

मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो, तरी पुढचा सगळा घाट माझ्या तोंडाला कडू चव होती. मेदेरने "रहमत, मामा" असं पुटपुटत आभार मानल्यासारखं केलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मनात एकच हिशेब चालला होता. बाजारात पोचल्यावर तो जुने टायर विकणार. ते तिथून कुणा परक्याच्या गाडीखाली जाणार आणि पुलाजवळचे ओरखडे पोलिसांच्या फोटोतच राहणार. तसं झालं, तर मी बुरुलला काय सांगू? आणि तसं झालं नाही, तर काय सांगू?

शहरात झाडांना कोंब फुटले होते. टायरबाजारात काळ्या रबराच्या भिंतीच्या भिंती आणि त्यांच्यामधून वाट काढत फिरणारी माणसं. मेदेर एका दुंगान, म्हणजे चिनी वंशाच्या मुसलमान, दुकानदारापाशी थांबला. इसखार त्याचं नाव. गोल चेहरा, तुरळक दाढी, तोंडात साखरेचा खडा, हातात चहाची पियाली. त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग मेदेरकडे, मग माझ्याकडे, आणि किती लुटता येईल ते ठरवलं असावं.

"अशा पाखरासाठी माझ्याकडे पंख आहेत," तो म्हणाला आणि एक रुंद, पातळ काठाचा टायर चेंडूसारखा उड्या मारवत आणला. "हे बघ. अल्माटीच्या सपाट रस्त्यावर काटा शेवटाला टेकव, गाडी रुळावरच्या आगगाडीसारखी. वळणावर हलणार नाही."

"ओल्या रस्त्यावर किती लवकर थांबते?" मेदेरने विचारलं.

"थांबते?" इसखारने साखरेचा खडा गालात सरकवला. "बाळा, हे पळण्यासाठी आहेत."

"ब्रेक दाबला, रस्ता ओला आहे, समोर काहीतरी आहे. किती लवकर थांबते?"

"समोर काहीतरी असलं तर वळवायची." इसखारने माझ्याकडे बघून डोळा मारला. "बाबा, हा तुमचा मुलगा?"

"भाचा."

"मग तुमचं नशीब फुटकं."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं.

इसखारने दुसरा टायर आणला. हा म्हणे अजिबात आवाज करत नाही, शेजारी झोपलेली बायको जागी होणार नाही. मेदेरने तोच प्रश्न विचारला. तिसरा आणला, हा पाच उन्हाळे झिजत नाही. पुन्हा तोच प्रश्न. दुकानदार वैतागला.

"अरे, गाडी घेतलीस लांडग्याची आणि प्रश्न विचारतोस शाळेच्या बसवाल्यासारखे! लोक माझ्याकडे येतात ते विचारतात किती पळतो, किती टिकतो, रिमवर कसा दिसतो. थांबण्याचं विचारणारा तू पहिला."

"तुम्ही सांगा ना फक्त."

मी इकडे तो तिसरा टायर दाबून बघत होतो. अंगठा आत जाईना, जुन्या खुरासारखा कडक. वरून मात्र इतका काळा कुळकुळीत, की बोट काळं झालं. माझा संशय दुकानदाराकडेही वळला.

"याचं वय काय?"

"नवा आहे, बाबा."

"नवा कधीपासून?"

इसखार हसला, खडा दातांखाली फुटला. "बरं, हा राहू द्या. तुम्ही बोलत नाही, पण बघता." तो आत गेला, बराच वेळ खुडबूड केली आणि एक दिसायला अगदी साधा टायर घेऊन आला. त्याला रुंद, खोल चर होते. रबर मऊ, अंगठ्याखाली दबणारं.

"हा घे. रुबाब नाही याला. दोन उन्हाळ्यांत झिजेल, मग मला शिव्या देशील. पण चरातून पाणी बाहेर फेकतो आणि रबर रस्त्याला धरतं. तुझ्या त्या खिळेवाल्यांपेक्षा ओल्या डांबरावर कितीतरी आधी थांबेल."

मेदेर एकदम पुढे झाला. "खिळेवाल्यांपेक्षा आधी? नक्की?"

"हे काय विचारणं झालं? खिळे बर्फासाठी असतात. उघड्या डांबरावर ते म्हणजे नाल ठोकलेले बूट घालून फरशीवर घसरणं. ऊन पडायला लागलं, रस्ता ओला झाला की खिळे रुतत नाहीत, नुसते ओरखडत जातात."

मेदेरने तो टायर दोन्ही हातांनी धरला आणि तसाच उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. चोर पुरावा लपवायला आला असता, तर हे ऐकून त्याचा चेहरा असा का व्हावा? जणू दुकानदाराने त्याला टायर नाही, शिक्षा दाखवली होती.

"हेच द्या. चार," तो म्हणाला.

पोरांनी जॅक लावला, खिळेवाले उतरवले. इसखारने एक उचलून बघितला. खिळे जवळजवळ सगळे जागच्या जागी, नक्षी खोल.

"हे मला दे. चांगला भाव देतो. माझ्या पोराचे पुढचे तीन हिवाळे निघतील."

आता, मी मनात म्हटलं.

"नाही," मेदेर म्हणाला. "ते घरी न्यायचेत."

"चार? या गाडीत? बसणार कुठे?"

"बसवतो."

दोन डिक्कीत गेले, दोन मागच्या सीटवर. मी सगळी वाट मनात जो खटला उभा केला होता, तो तिथे कोसळला. टाकायचे नव्हते, तर काढले कशाला? आणि काढले, तर परत न्यायचे कशाला?

बाजारामागे गाड्या धुण्याची जागा आहे. तिथून पाणी वाहत एका मोकळ्या डांबरी मैदानावर पसरतं. घरी जाण्याऐवजी मेदेरने गाडी तिकडे घातली. थांबला, मला उतरायला सांगितलं. अंगातलं जाकीट काढलं, ओल्या डांबराच्या मध्यावर नेऊन ठेवलं.

"मामा, बाजूला उभे राहा. नुसतं बघा."

तो लांब गेला, वळला आणि आला तो वेगात. मी बोंब मारणार इतक्यात गाडीचं नाक खाली दबलं, पाणी दोन्ही बाजूंनी उडालं आणि गाडी थांबली. जाकीट पुढे तसंच, कोरड्या बाहीसकट. मेदेर पुन्हा लांब गेला. पुन्हा तेच. गाड्या धुणारी माणसं हात थांबवून बघायला लागली. एक ओरडला, "शाबास रे! आता उलटा येऊन दाखव!" तिसऱ्या वेळी गाडी थांबली आणि बराच वेळ दार उघडलं नाही. मग तो उतरला आणि गाडी आणि जाकीट यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. तिथे एक माणूस आरामात आडवा होईल एवढी जागा होती.

"बघितलंत ना, मामा?" तो म्हणाला. "त्या दिवशीही एवढाच वेग होता. जास्त नव्हता, शपथ. रस्ता ओला होता. हे टायर असते तर मी त्याच्या अलीकडे थांबलो असतो. तो मला शिव्या देऊन घरी गेला असता."

मला माहीत होतं, आणि तरीही ऐकल्यावर मी मागचं दार उघडून आतल्या टायरच्या कडेला टेकलो.

"टायर नाहीसे करायला नव्हतो आलो," तो म्हणाला. "तुम्हाला तेच वाटत होतं. मी बघत होतो तुम्हाला. मला फक्त कळून घ्यायचं होतं, की चूक माझी होती की गाडीची."

"आता कळलं?"

"आता जास्तच वाईट वाटतंय."

"उरकुयाला माहीत आहे?"

"आईने गाडी धुतली. मी झोपलो होतो तेव्हा."

तो ओलं जाकीट उचलून माझ्याजवळ आला. अंगात नुसता सदरा, दात वाजत होते.

"मामा, मी भाचा म्हणून तुमच्याकडे चाबूक मागितला, शिंगरू मागितलं. आता एक शेवटचं मागतो. कालमात काका शुद्धीवर येईपर्यंत गप्प राहा. ते उठले की मीच जाईन, त्यांच्या पायाशी बसेन. तोवर कुणाला सांगू नका."

"आणि तो उठलाच नाही तर?"

त्याने जाकीट दुसऱ्या हातात घेतलं.

भाच्याला नाही म्हणता येत नाही, हे मी बापाकडून ऐकलं, बापाने त्याच्या बापाकडून. माझ्यासमोर उरकुयाचं पोर थंडीने कापत उभं होतं, आणि मला एक 'बरं' म्हणायचं होतं. चौकीवर मी न म्हणताच म्हटलं होतं.

"मेदेर," मी म्हटलं, "माझ्या घरातलं काय वाटेल ते माग. तांबडा घोडा माग, देतो. राहतं घर माग, बाहेर येऊन झोपतो. हे मात्र माझ्या घरातलं नाही. हे कालमातचं आहे. माझं नसलेलं मी कसं देऊ?"

"ते तर बोलत नाहीत."

"बुरुल बोलते."

गाड्या धुणाऱ्याने आमच्या दिशेने पाणी मारलं आणि ओरडला, "म्हातारबा, जागा मोकळी करा, इथे शर्यती बंद!" मेदेरने जाकीट पिळलं, गाडीत टाकलं.

"तुम्ही याल बरोबर?"

"त्यासाठी भाच्याचा हक्क लावायची गरज नाही."

परतीच्या वाटेवर ते दोन टायर माझ्या मानेमागे होते. प्रत्येक वळणावर एकमेकांवर घासायचे, खिळे टिकटिक करायचे. चौकीवर तोच पोलीस होता. नवे टायर बघून त्याने अंगठा वर केला. आम्ही दोघंही हसलो नाही.

गावात आल्यावर मी तांबडा घोडा खुंट्यावरून सोडला. असं काम घेऊन कुणाच्या दारात जायचं, तर रिकाम्या हाताने जात नाहीत. मी पुढे, मेदेर मागे लगाम धरून. बुरुल दवाखान्यातून धारेपुरती घरी आली होती. हातात चरवी, डोक्याचा रुमाल मागे सरकलेला. तिने आम्हाला बघितलं, मग घोडा बघितला, आणि चरवी खाली ठेवली.

"वहिनी, तुम्ही मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी सांगायला आलोय."

मेदेरने टोपी काढून हातात घेतली होती. तो उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला.

"तू?" बुरुल म्हणाली. "उरकुयाचा तू?"

"हो, काकू."

"ब्रेक नाही मारलास?"

"मारला. थांबली नाही."

"थांबली नाही म्हणे! बैल थांबतो, घोडा थांबतो, दारुडासुद्धा भिंत दिसली की थांबतो. एवढी महागाची गाडी, ती थांबत नाही?" तिचा आवाज चढला आणि एकदम बसला. "दवाखान्यात तूच नेलंस?"

"हो."

"मग आत का नाही गेलास? बाकावर का टाकलंस, पोत्यासारखं?"

"घाबरलो. दार ठोठावलं आणि भिंतीआड उभा राहिलो. नर्स बाहेर आली ते बघितलं, मग पळालो."

बुरुल पुढे आली. मला वाटलं ती त्याला मारणार, आणि मी मध्ये पडणार नव्हतो. तिने त्याच्या खांद्याला धरलं.

"वाटेत तो शुद्धीवर होता?"

"थोडा वेळ."

"बोलला काही?"

मेदेरने मान वर केली. हा प्रश्न कुणी विचारेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"बोलले. म्हणाले, तांबडं वासरू बाहेर राहिलंय. बुरुलला सांग, आत घ्यायला सांग. मी हो म्हटलं. दोनदा सांगितलं त्यांनी. मग डोळे मिटले."

बुरुल तिथेच जमिनीवर बसली. रुमालाचं टोक तोंडात धरलं. गोठ्यातून गाय हंबरत होती, धार अर्धी राहिली होती. मग तिने तोंड पुसलं.

"वासरू रात्रभर बाहेरच होतं," ती म्हणाली. "मला काय माहीत? मला कुणी सांगितलंच नाही."

मेदेर रडायला लागला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मग माझ्याकडे वळली.

"घोडा घेऊन जा, भावजी. मी घोड्याचं काय करू? त्याच्या गवताला आता कोण जाणार?" आणि मेदेरला म्हणाली, "ऊठ. उंबऱ्यात बसू नकोस, गाय बिचकते. सकाळी मला दवाखान्यात ने. तिथून पोलिसांकडे जा."

"माझ्या गाडीतून, काकू?"

"मग काय, तुझ्या खांद्यावरून?"

सकाळी डांबरावर बर्फाची काच होती. नव्या टायरांवर मेदेरने तिला इतकं हळू नेलं, की शाळेला चालत निघालेली मुलं त्यांच्या पुढे होती. तिला आत सोडलं, कालमातच्या पायाशी थोडा वेळ उभा राहिला आणि चारही खिळेवाले टायर घेऊन पोलिसांकडे गेला. पोलिसांनी टायर ठेवून घेतले, परवाना घेतला आणि गाडीही आवारात लावून ठेवली. पुढे खटला चालला, त्याला शिक्षा झाली, कालमातच्या मुलांनी कोर्टात काय मागितलं आणि बुरुलने काय मागितलं नाही, ते सगळं गावाला माहीत आहे. त्याआधी जितके दिवस तो बाहेर होता, तितके दिवस रोज सकाळी बुरुलबरोबर गावच्या गाडीने दवाखान्यात जायचा आणि दाराबाहेर बसायचा. आत ये असं ती कधी म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही.

कालमात पुन्हा शुद्धीवर आला नाही. त्याच वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजाच्या सुमारास, कोचकोरच्या दवाखान्यात तो वारला.